वाणाचा डबा

आमच्या शेडमध्ये पाहुणे आले की पप्पा त्यांना सरळ प्रेसकडे घेऊन जातात. प्रेस एका ओळीत उभ्या आहेत आणि प्रत्येकीवर दसऱ्याचं कुंकू अजून दिसतं. मग कुणीतरी विचारतंच, "घरामागच्या पत्र्यातून इथवर कसे आलात?" पप्पांचं उत्तर ठरलेलं आहे: माल वेळेवर, माल एकसारखा आणि रबराचा व्यापारी कधी बदलला नाही. पाहुणे मान हलवतात. मी ऑफिसच्या काचेमागे बसलेली असते. पप्पांचं उत्तर खोटं नाही. पण आत येताना पाहुणे ज्या फळीजवळून न बघता पुढे गेलेले असतात, तिच्याकडे माझं लक्ष जातं. दाराशी, हात धुवायच्या नळाच्या वर ती लांब फळी आहे. तिच्यावर स्टीलचे डबे ओळीनं ठेवलेले असतात, सगळे एकाच घडणीचे, झाकणांवर नावं कोरलेली. शेजारी एक आरसा. आमचा कारखाना त्या फळीपासून वाढला. मला हे फारसं कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी मी पटकन बोलणाऱ्यातली नाही. म्हणून लिहिते.

पप्पा आधी वाळूजमधल्या एका रबराच्या कंपनीत प्रेसवर होते. मी लहान असतानाच त्यांनी ती नोकरी सोडली, कामगार वसाहतीतल्या आमच्या घरामागे पत्रे टाकले आणि एक जुनी प्रेस आणून बसवली. तिच्यावर ग्रोमेट निघायचे. मोटारसायकलची वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथं ती घासू नये म्हणून रबराची कडी बसवतात, तोच ग्रोमेट. साच्यात रबर दाबलं की थोडं कडेनं बाहेर येतं, आप्पेपात्रात पीठ जास्त झालं की येतं तसं. तो पापुद्रा छोट्या कात्रीनं गोल फिरवत काढावा लागतो, आणि कडीला खरचटलेलं चालत नाही.

ते गल्लीतल्या बायका करायच्या. शाळेतून आले की टाय काढून मी पिशव्या पोचवायला निघायची. दारात पिशवी ठेवायची, "काकू, ठेवलीय" म्हणायचं आणि पुढच्या दारी जायचं. एवढंच बोलावं लागे, म्हणून मला ते काम आवडायचं. बायका ओट्यावर बसून, मालिका ऐकत, गप्पा मारत ते करायच्या. ह्याला त्या "रबर निवडणं" म्हणत. तांदूळ निवडणं, मेथी निवडणं, तसं रबर निवडणं. आमची गल्ली बहुतेक फुलंब्रीकडच्या शेतकरी घरांची होती. प्रत्येकाची गावाकडं जमीन, पुरुष कंपनीत, आणि बायका "घरीच असतात". दिवसभर कात्री चालायची, तरी घरीच असतात.

मी नववीत असताना एका दुपारी पप्पांचा माल घेणाऱ्या कंपनीतले साहेब घरी आले. तरुण होते, पुण्याकडचे असावेत. मी पत्र्याखालच्या टेबलाच्या टोकाला गृहपाठ करत होते. साहेबांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि पप्पांसमोर उघडली. आत लाल टिकली होती.

"हे काय आहे?"

"टिकली हाय साहेब," पप्पा म्हणाले.

"ते मलाही कळतंय. तुमच्या खोक्यात ग्रोमेटला चिकटून आली. आमच्या गाडीला सौभाग्यलेणं कशाला पाठवता?"

पप्पांना हसावं की नाही ते कळेना. साहेबही रागात नव्हते. त्यांनी चहा घेतला आणि सरळ सांगितलं, "माल चांगला आहे, म्हणूनच स्वतः आलो. नवीन गाडीचे सगळे रबर पार्ट एकाच ठिकाणी द्यायचेत. तुम्हाला द्यायला मला आवडेल. पण घरोघर काम चालणार नाही. एका छताखाली, टेबलावर, स्वच्छ. संक्रांतीचा महिना संपला की बघायला येतो. नाही जमलं तर दुसरीकडे देणार, आणि मग हेही तिकडेच जाईल."

म्हणजे वाढायचं, नाहीतर संपायचं. मधलं काही नव्हतं.

छत मिळालं. रस्त्याच्या पलीकडे, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर एक शेड पप्पांनी भाड्यानं घेतली. आता बायका तिथं यायला हव्या होत्या. त्यासाठी पप्पा विचारायला गेले, आणि गेले ते पुरुषांकडे. एकेकाला टपरीवर गाठून चहा पाजला. परत येऊन मम्मीला म्हणाले, "सगळे एकच बोलत्यात. आमची जमीन हाय गावाकडं, आमच्या बायका कंपनीत नाय जानार."

गल्लीत शब्द चालायचा तो मोठ्या काकूंचा. त्या वयानं सगळ्यांत मोठ्या, त्यांच्या दोन्ही सुना रबर निवडायच्या. पप्पा शेवटी त्यांच्याकडे गेले तेव्हा पिशवी घेऊन मीही दारात होते. मोठ्या काकू म्हणाल्या, "हे बघ भाऊ, घरी बसून निवडनं येगळं, आन् डबा घिऊन गल्लीतनं जानं येगळं. बाईच्या हातात डबा आला की ती कंपनीची झाली. लोक काय जमीन बघत्यात व्हय मग?"

"काकू, काम तेच हाय."

"काम तेच हाय रं. पन डबा हाय ना."

पप्पांनी मग ठेकेदाराकडून पोरं आणून पाहिली. त्यांनी कड्या अशा कापल्या की मम्मीनं मूठभर उचलून बघितल्या आणि तशाच परत टाकल्या. पप्पांनी पोरं परत पाठवली. 

एका सकाळी मम्मी मला म्हणाली, "चल, शेड बघून येऊ." पप्पांनी तिला खूप काही दाखवलं: लाईट, टेबलं, दुसऱ्या प्रेससाठी केलेला चौथरा. मम्मीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाथरूम कुठंय?"

मागच्या भिंतीला एक होतं. पुरुषांचं, त्याला दारही धड नव्हतं.

"ते होईल नंतर," पप्पा म्हणाले. "आधी प्रेस येऊ दे."

"आधी ते. प्रेस नंतर."

"अगं, लोक पाहुण्याला मशीन दाखवत्यात. मी काय संडास दाखवू?"

"दाखवा की. ह्या लायनीत कुनाकडं हाय बायकांचा?"

 दुसरी प्रेस लांबली आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला, पुरुषांच्या येण्याजाण्यापासून दूर, बायकांसाठी बाथरूम झालं. तयार झाल्यावर मम्मी आत गेली, आतून कडी लावली आणि मला बाहेरून दार ढकलायला सांगितलं. मी खांदा लावून ढकललं. दार हललं नाही. "बास," आतून आवाज आला.

त्याच सुमाराला तिनं मला एक काम सांगितलं. प्रत्येक घरी जायचं आणि काकूंना त्यांचं नाव विचारायचं.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्या गल्लीत बाईला नाव नसायचं. मोठ्या काकू, कोपऱ्यावरच्या काकू, अमक्याची मम्मी, पाटलीणबाई. इतकी वर्षं मी पिशव्या पोचवत होते आणि मला एकीचंही नाव माहीत नव्हतं. मी दारात उभी राहून वहीत बघत विचारायची. एक काकू पदर तोंडावर घेऊन हसत सुटल्या, "माझं नाव? ते कुनाला लागलंय गं?" दुसऱ्या म्हणाल्या, "शाळेत पायजे का?" मी वहीचं पान उलटलं. कोपऱ्यावरच्या काकूंनी मला उलट विचारलं, "सासरचं का माहेरचं?"

तेच विचारायला मी घरी आले. मम्मी भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"त्यांना आवडंल ते," ती म्हणाली.

म्हणून मी पुन्हा सगळ्या दारांना गेले. बहुतेकींनी माहेरचं सांगितलं. मोठ्या काकूंची धाकटी सून कुजबुजली, "माहेरचं लिही. पन आमच्या ह्यांना सांगू नको हां." प्रेसवर पप्पांच्या हाताखाली एक मावशी होत्या. मेंढपाळ घरातल्या. नवरा गेला, मेंढरं विकली, तेव्हापासून त्या फडक्यात भाकरी बांधून आमच्याकडे कामाला यायच्या. त्यांना विचारलं तर त्यांनी क्षणात, मोठ्यानं सांगितलं, जणू कुणी विचारायचीच वाट बघत होत्या.

शेवटी मी मम्मीला विचारलं, "आणि तुझं?" तिनं जे नाव सांगितलं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या लग्नपत्रिकांत, रेशनकार्डावर, कुठंच ते नाही. मी ते इथंही लिहीत नाही. ते तिच्या डब्यावर आहे.

डबे आम्ही शहागंजमधून घेतले. दुकानदार भाईजान आमच्या ओळखीचे, पप्पांच्या कात्र्यांना धार त्यांच्याच शेजारी लावली जाते. त्यांनी विचारलं, "क्या बाजी, मेस खोल रे क्या?"

"नाय हो भाईजान, हळदीकुंकू हाय."

"हल्दीकुंकू में डब्बा? लोगां तो पिलास्टिक की चाळणी ले जाते! ये तो मेरी दुकान उठा के ले जा रे तुम."

"मंग जरा कमी लावा," मम्मी म्हणाली.

नावं कोरायला त्यांनी मशीन काढली आणि सवयीनं विचारलं, "मिस्टर का नाम बोलो." मम्मीनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी वहीतून एकेक नाव वाचत गेले, आणि ती सुई झाझा करत स्टीलवर चालत राहिली. शहागंजच्या त्या गर्दीत मी इतकी नावं मोठ्यानं वाचली आणि मला लाजायचं आठवलंच नाही.

डब्यांवर नाव का, हे मला त्या दुकानात कळलं. आमच्या वसाहतीत वाण फिरत राहतं. ह्या घरची साबणदाणी त्या घरी जाते, तिथून पुढच्या संक्रांतीला आणखी तिसरीकडे. आम्ही दिलेली एक गुलाबी चाळणी फिरून आमच्याकडेच आली होती. मम्मीनं ती ओळखली आणि मुकाट्यानं पुढच्या वर्षीच्या ढिगात ठेवली होती. पण कोरलेलं नाव दुसऱ्याला देता येत नाही. ते ज्याचं त्याच्याच घरात राहतं.

हळदीकुंकू तिनं शेडमध्ये ठेवलं. माल नेणारा टेम्पो धुऊन, सतरंजी टाकून बायकांना आणायला पाठवला. सगळ्या आल्या. हळदीकुंकवाला नाही म्हणायची रीत नाही, मोठ्या काकूसुद्धा आल्या. काठापदराच्या साड्या, गजरे, आणि रबराचा तो जळका वास. बायका आधी टेबलांकडे बघतच नव्हत्या. मग एक उठली आणि बाथरूम बघून आली. तिच्यानंतर दुसरी. परत येताना त्या एकमेकींच्या कानात काही बोलत होत्या.

मम्मीनं कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि रबर निवडणाऱ्या प्रत्येकीच्या ओटीत डबा ठेवला. झाकणावर आपलं नाव दिसल्यावर एकेकीनं डबा उजेडाकडे धरला. कोपऱ्यावरच्या काकूंनी अक्षरांवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मावशी मागे चहाच्या पातेल्याजवळ उभ्या होत्या, कारण विधवेला वाण देत नाहीत. मम्मी डबा घेऊन त्यांच्यापर्यंत चालत गेली.

"तिला पन?" मोठ्या काकू म्हणाल्या.

"ती भाकरी आनतीच की रोज. तिला डबा नको व्हय?"

 मावशींनी डबा पदरानं पुसला. तो नवाच होता.

निघताना मम्मी दारात उभी राहिली. मला वाटलं आता ती कामाचं बोलेल. ती म्हणाली, "बायांनो, वानाचं भांडं रिकामं ठेवू नगा. उद्या दुपारी भरून हितंच आना. मिळून जेवू." बस. डब्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता, आणि मोठ्या काकूंचा चेहरा सांगत होता की त्यांना सगळ्यांच्या आधी कळला होता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, म्हणजे पुरुष घरी. ते टपरीवर बसले होते. तिथून सगळी गल्ली दिसते. पप्पा शेडवर पुढे गेले होते आणि स्कूटर पाठवू का म्हणून त्यांनी फोन केला. मम्मी नको म्हणाली. तिनं भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा असा डबा भरला. मी विचारलं, "पिशवीत घालू?"

"कशाला? वान हाय, चोरी नाय."

डबा हातात, सगळ्यांना दिसेल असा, उन्हात चमकणारा. मी तिच्या मागे अर्धं पाऊल. पहिलं दार बंद होतं. दुसरंही. टपरीवरून एक काका म्हणाले, "वहिनी, कुठं निघाला डबा घिऊन? शेठची बायको कामाला लागली का काय?"

"जेवाया निघाले भाऊजी. येता का? तुमच्याकडं डबा हाय का पन?"

टपरीवर हशा झाला, आणि तो त्या काकांवर झाला. पण दारं बंदच होती. मी मम्मीकडे बघितलं. ती चालायची थांबली नाही, हळूही झाली नाही.  पप्पांची शेड, ते साहेब, नवीन गाडी, सगळं त्या गल्लीच्या लांबीएवढं उरलं होतं.

मोठ्या काकूंच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. "आगं झाकन दाबून लाव, तेल सांडंल! आन् हिचा कुटंय? तुझा हिला दिला का काय, नाव बघ की!" मग दार उघडलं. आधी मोठ्या काकू, दोन्ही हातांत एकेक डबा, मागून त्यांच्या सुना, मान खाली, पण साड्या बदललेल्या.

टपरीकडे तोंड करून मोठ्या काकू म्हणाल्या, कुणी विचारलेलं नसताना, "वानाचं भांडं घरात रिकामं ठिवलं तर लक्ष्मी रुसती. ते पाप मी घिऊ व्हय माझ्या डोक्यावर?" मग मम्मीला म्हणाल्या, "मला तर डबा दिलाच नाय तू."

"माझ्यातलं खावा."

"खाईन. ठेचा कसा झालाय बघतेच."

त्यांच्या मागून दारं उघडत गेली. मी मागे वळून बघितलं तेव्हा गल्लीभर डबे दिसत होते. टपरीवरचे पुरुष चहा पीत होते, आणि कप बहुतेक रिकामे झालेले होते.

सगळ्या मिळून जेवल्या. जेवण झाल्यावर कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या, "हात रिकामा कसा ठिवायचा?" आणि टेबलावरची कात्री उचलली. बाकीच्यांनीही उचलल्या. आधी त्या टेबलांवरच मांडी घालून बसल्या, खुर्चीवर हात चालेना म्हणून. मम्मीनं बसू दिलं. खुर्च्यांची सवय नंतर सावकाश झाली. त्या दिवशी कुणी कामाला लागलं असं कुणी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबे आले.

टिकलीचा प्रश्न मात्र राहिला होता. सवाष्णीला टिकली काढ कोण सांगणार? मम्मीनं दाराशी आरसा लावला आणि खाली कुंकवाचा करंडा ठेवला. आत येताना टिकली आरशावर, कपाळाला पिंजर. जाताना जिची टिकली तिच्या कपाळाला. साहेब बघायला आले तेव्हा त्यांनी टेबलं बघितली, लाईट बघितले, एका ग्रोमेटची कड नखानं तपासली. पप्पांनी त्यांना बायकांचं बाथरूमही दाखवलं, तेही मोठ्या अभिमानानं. जाताना साहेब आरशापाशी थांबले. आरसाभर लाल, मरून, खड्यांच्या टिकल्या होत्या. त्यांना त्यात स्वतःचा चेहरा शोधावा लागला.

"आता खोक्यात येणार नाही," ते म्हणाले.

"नाय येनार साहेब," मम्मी म्हणाली. पप्पा बोलायच्या आत.

नवीन गाडीचं काम आमच्याकडे आलं. पप्पांची दुसरी प्रेस त्याच वर्षी चौथऱ्यावर बसली, पुढच्या हळूहळू आल्या. कॉलेजनंतर मी इथंच ऑफिसात आले. माझाही डबा फळीवर असतो. आता कामाला येणाऱ्या मुली स्कूटीवर येतात, त्यांच्या पाठीवर बॅगा असतात, आणि डबा घेऊन निघण्याची लाज म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागतं. तरी संक्रांतीला नाव कोरलेला डबा त्या मागून घेतात.

नावं विचारायचं काम अजून माझंच आहे. गेल्या संक्रांतीला एका नव्या मुलीला मी विचारलं. तिचं नुकतंच लग्न झालेलं, हातात हिरवा चुडा.

"सासरचं का माहेरचं?"

ती म्हणाली, "म्हणजे काय, ताई? माझं एकच हाय."

तिनं सांगितलेलं नाव मी लिहून घेतलं. मग मम्मीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुन्हा एकदा वाचलं.